दगडाचा धंदा आणि होलची वही

दगडाच्या धंद्यातील माणसाला डिझेलचा भाव विचारा, तो पैशापर्यंत सांगेल. खडीचा भाव विचारा, तर रोखीचा वेगळा, उधारीचा वेगळा आणि ओळखीचा वेगळा असे तीन भाव सांगेल. पण गेल्या महिन्यात एकूण किती होल मारले, त्यांतले किती पूर्ण खोलीचे होते, एका होलमागे किती दगड निघाला, असे विचारले की तो आपल्या ब्लास्टरकडे बघतो आणि ब्लास्टर आभाळाकडे बघतो. ज्या कामात सर्वांत जास्त पैसा जमिनीत जातो, नेमके त्याच कामाचा हिशोब आपल्याकडे डोक्यात ठेवला जातो. संध्याकाळी डोके थकते आणि हिशोब तिथेच संपतो.

केज तालुक्यातील नांदूरघाट आणि भोवतालच्या बालाघाटाच्या पट्ट्यात हा प्रश्न परका नाही. इथे जमिनीवर मातीचा थर पातळ, आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. त्यामुळे इथे विहीर खोदायची असो, पाझर तलाव करायचा असो, रस्त्याला खडी लागो की घराच्या पायाला डबर लागो, सुरुंगाशिवाय काम पुढे सरकत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो हातांनी घणाने खडी फोडून पोट भरले. आज घणाची जागा ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने, पोकलेनने आणि खडी केंद्राने घेतली आहे. मागणीही वाढली. धुळे-सोलापूर महामार्ग झाला. १९९५ साली मंजूर झालेल्या नगर-बीड-परळी रेल्वेची गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत आली आणि त्यापुढे परळीचा टप्पा आहे. रेल्वेच्या रुळाखाली साधारण २० ते ६५ मिलिमीटरची खडी लागते, आणि ती मापात बसली नाही तर गाडी परत येते.

या सगळ्या साखळीत आपले अनेक बांधव आहेत. कुणाचा कॉम्प्रेसर आहे, कुणी ड्रिलच्या सळया दुरुस्त करतो, कुणाचे टिप्पर आहेत, कुणी विहिरीची कामे उक्ती घेतो, कुणी खडी केंद्राला दगड पुरवतो. मेहनतीत कुणी कमी नाही. तरीही एकाच खडकावर, एकाच यंत्रावर काम करणारे दोन ठेकेदार पाहिले, तर एकाच्या धंद्यात बरकत दिसते आणि दुसरा दरवर्षी कॉम्प्रेसर गहाण टाकतो. यामागे नशिबाचा भाग असेलही, पण पुष्कळदा मोजमापाचाच फरक असतो.

मोठ्या खाणी काय करतात

नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी १९७५ पासून चंद्रपूर, वणी, नागपूर भागात कोळसा काढते. तिथल्या उघड्या खाणीत हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचे होल पडतात आणि स्फोटकाचे मिश्रण टँकरमधून थेट होलमध्ये सोडले जाते. अशा खाणीत बार उडवण्याआधी प्रत्येक होलला क्रमांक असतो. त्याची खोली, त्यात पाणी आहे का, किती किलो भरले, वर ठासणी किती, कोणता होल किती मिलिसेकंदांनी उडणार, हे सगळे कागदावर येते. परदेशातील मोठ्या खाणी याच्याही पुढे गेल्या आहेत. तिथे ड्रिलचे यंत्र होल मारता मारताच कोणत्या फुटाला खडक किती कठीण लागला याची नोंद संगणकात करत जाते, आणि बार उडाल्यावर ढिगाऱ्याचे फोटो घेऊन दगडाचा आकार मोजला जातो.

हे वाचून कुणी म्हणेल की ही कोट्यवधींच्या कंपन्यांची कामे, आमचे त्यात काय? पण नीट पाहिले तर ती कंपनी आपल्या किराणा दुकानदाराचेच काम करत आहे. आवक किती, जावक किती, शिल्लक किती, कोणत्या मालात घट येते, हे दुकानदार रोजमेळात लिहितो आणि खतावणीत जमवतो. खाणीतील आवक म्हणजे होलचे फूट, कांड्या आणि डिझेल, आणि जावक म्हणजे दगड. संगणक नंतर आला, आधी वही होती. आपल्याकडे मात्र वहीच राहून गेली.

बारा ब्रासचे कोडे

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, खदानीत पाच फूट उंचीच्या पायरीवर जॅकहॅमरने वीस होल मारायचे आहेत. मोकळ्या तोंडापासून ओळ तीन फूट मागे, होल-होलमध्ये चार फूट अंतर आणि खोली पाच फूट. एका होलच्या वाट्याला तीन गुणिले चार गुणिले पाच, म्हणजे साठ घनफूट दगड आला. वीस होलचे बाराशे घनफूट, म्हणजे जागचा बारा ब्रास दगड. फुटल्यावर दगड फुगतो, ढीग साधारण दीडपट होतो, म्हणजे टिप्परच्या मापाने अठरा ब्रासच्या आसपास. प्रत्येक होलमध्ये सव्वाशे ग्रॅमच्या चार कांड्या घातल्या तर दहा किलो माल लागला. जागच्या एका ब्रासला सुमारे ८३० ग्रॅम, किंवा घनमीटरला पाव किलोपेक्षा थोडे जास्त. काळ्या पाषाणात छोट्या होलसाठी हा आकडा वावगा नाही.

आता सवयीने ड्रिलरने ओळ तीन फुटांऐवजी अडीच फुटांवर आखली. होल तेवढेच, कांड्या तेवढ्याच, डिझेल तेवढेच, मजुरीही तेवढीच. दगड मात्र दहा ब्रास. दोन ब्रास हवेत गेले. हंगामात असे पंचवीस बार उडाले तर पन्नास ब्रास जागचा दगड, म्हणजे ढिगाच्या मापाने पंचाहत्तर, कुठेही न दिसता गेला. चोरीला गेला असता तर पोलीस ठाण्यापर्यंत बोंब झाली असती.

उलट काही ठेकेदार हुशारी करतात आणि ओळ चार फुटांवर नेतात. कागदावर सोळा ब्रास दिसतात, पण मोठाले बोल्डर पडतात. मग ब्रेकर लावा, त्याचे तास मोजा, खडी केंद्राच्या जबड्यात दगड अडकला की अर्धा तास सगळे बंद. तीस बाय वीस इंचाच्या जबड्यात साधारण सोळा इंचांपेक्षा मोठा दगड घालू नये, हे केंद्रावरचा कुणीही कारागीर सांगेल. म्हणून स्वस्तात उडालेला बार म्हणजे स्वस्त खडी नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हाच मुद्दा मोठ्या खाणींना पटवून दिला होता की सुरुंगावर थोडा जास्त खर्च केला तर पुढे दगड दळण्याच्या विजेत त्याहून जास्त वाचू शकतो. त्याआधी १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कनिंगहॅम यांनी, रशियन शास्त्रज्ञ कुझनेत्सोव्ह यांच्या सूत्राला धरून, किती माल भरला तर किती आकाराचा दगड पडेल याचा अंदाज बांधण्याची रीत दिली. आज ती जगभर वापरली जाते. पण त्या सूत्रातही खडकाचा एक आकडा स्वतःच्या खदानीतून काढून घालावा लागतो. तो कोणत्याही पुस्तकात मिळत नाही, आपल्या वहीतच मिळतो.

सरासरीचा धोकाही इथेच सांगून ठेवतो. ठेकेदार म्हणतो, माझे अंतर सरासरी तीन फूट आहे. खरे असेल. पण त्यात एक होल दोन फुटांवर आणि दुसरा चार फुटांवर असेल तर सरासरी तीनच येते. दोन फुटांवरच्या होलचा दगड उडून शेजारच्या शेतात जातो आणि चार फुटांवरचा होल बोल्डर देतो. म्हणून वहीत सरासरी लिहू नये. प्रत्येक होलचा आकडा वेगळा लिहावा. ड्रिलरला फुटावर मजुरी असेल तर खोलीही रोज टेपने मोजावी. ड्रिलरवर विश्वास नाही म्हणून नव्हे. होलमध्ये चुरा बसतो आणि पाच फुटांचा होल सकाळी साडेतीन फुटांचा निघतो. तसाच भरला तर वरून दगड फुटतो आणि बुडाला टेकाड राहते. पुढच्या बाराला तेच टेकाड पुन्हा फोडण्याचे पैसे द्यावे लागतात.

वहीत किती रकाने असावेत यावर फार घोळ घालू नये. बाराची तारीख आणि जागा, होलचा क्रमांक, मोजलेली खोली, पुढचे व बाजूचे अंतर, कांड्या, ठासणी किती फूट, पाणी लागले का, एवढे भरण्याआधी. उडाल्यानंतर किती बार उडाले, दगड कुठवर गेला, ब्रेकर किती तास चालला, किती टिप्पर भरले, केंद्रात त्या दिवशी किती डिझेल किंवा किती युनिट जळाले. शेवटच्या तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या, आणि त्याच कुणी लिहीत नाही. ढिगाऱ्याचे फोटो घेऊन दगड मोजणारे सॉफ्टवेअर आपल्याला परवडणार नाही. पण ब्रेकरचे तास आणि ब्रासमागे डिझेल हे दोन आकडे तेच काम फुकटात करतात. पंधरा-वीस बारांची वही झाली की कोणत्या अंतरावर ब्रेकर कमी चालला हे डोळ्यांना दिसू लागते.

विहिरीचे उक्ते काम

खदानीपेक्षाही या वहीची गरज विहिरीच्या ठेकेदाराला जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खदानीवाल्याचा खडक ओळखीचा असतो. विहीरवाल्याला दर दोन महिन्यांनी नवा खडक भेटतो आणि दर मात्र आधीच ठरलेला असतो.

चोवीस फूट व्यासाची विहीर घ्या. ती एक फूट खाली नेणे म्हणजे साडेचार ब्रास जागचा दगड, आणि यारीने वर काढताना जवळपास सात ब्रास. खदानीत दगडाला समोर मोकळे तोंड असते. विहिरीत चारी बाजूंनी खडक, वरचीच काय ती मोकळीक. म्हणून आधी मधले होल तिरपे मारून खड्डा पाडावा लागतो, मग कडेचे होल त्या खड्ड्याकडे फुटतात. त्यामुळे ब्रासमागे माल खदानीपेक्षा कितीतरी जास्त लागतो. ज्याने खदानीच्या अंदाजाने विहिरीचा दर धरला, तो पहिल्याच परसात अडचणीत आला.

आता दुसरी गळती. कडेचे होल सैल हाताने, बाहेरच्या बाजूला झुकवून मारले आणि विहीर सगळीकडे अर्धा फूट जास्त फुटली, म्हणजे चोवीसच्या जागी पंचवीस फूट झाली. दिसायला काहीच नाही. पण चाळीस फूट खोलीला हा जास्तीचा दगड पंधरा ब्रासच्या पुढे जातो. त्याचे पैसे शेतकरी देणार नाही, कारण त्याने पंचवीस फुटांची विहीर मागितलीच नव्हती. वर बांधकाम करताना त्या पोकळीत भर घालावी लागते ती वेगळीच. दर परसाला व्यास मोजून लिहिला तर दुसऱ्याच परसात ही गोष्ट पकडता येते.

पण विहिरीच्या वहीचा खरा फायदा वेगळा आहे. आपला खडक थरांचा आहे. वर मुरूम, मग भोके असलेला, पांढरे खडे भरलेला मऊ थर, मग काळा घट्ट पाषाण, कुठे मध्येच तांबडा गेरूसारखा पट्टा, आणि त्याखाली पुन्हा मऊ थर. हे थर बहुतेक आडवे पसरलेले असतात, त्यामुळे एका शिवारात जे लागले तेच जमिनीच्या चढ-उताराचा हिशोब धरून पलीकडच्या शिवारात लागण्याचा संभव बराच असतो. ज्या ठेकेदाराने नांदूरघाटच्या आसपास वीस विहिरी केल्या आणि प्रत्येकीत मुरूम कोणत्या फुटाला संपला, पाषाण कुठे सुरू झाला, एक होल मारायला किती मिनिटे लागली, पाणी कोणत्या फुटाला फुटले हे लिहून ठेवले, त्याच्याजवळ त्या भागाच्या पोटाचा नकाशा तयार झाला. एकविसाव्या विहिरीचा दर सांगताना तो अंदाजाने बोलणार नाही. तिथे वीस फुटांखाली काळा लागतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो वीस फुटांपर्यंत एक दर आणि पुढे दुसरा असा ठराव करून घेईल. ज्याच्याकडे वही नाही तो स्पर्धेत दर पाडून काम घेईल, पाषाण लागल्यावर काम अर्धवट टाकेल आणि गावात तोंड चुकवत फिरेल.

सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून हेच करत आली आहे. राज्यभर ठरावीक विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षानुवर्षे मोजून ठेवली, म्हणून आज कोणत्या भागात पाणी किती उतरले हे सांगता येते. एका विहिरीचा एक आकडा कामाचा नसतो, अनेक वर्षांची रांग झाली की तिला किंमत येते. आपल्या उस्ताद ब्लास्टर मंडळींच्या डोक्यात अशा शेकडो विहिरींची रांग आहे. ती मुलाला मिळत नाही, कारण ती कुठेच उतरवून ठेवलेली नाही.

न उडालेला बार

आतापर्यंत पैशाचा हिशोब झाला, पण या वहीतला एक रकाना जिवाचा आहे.

अठरा होल भरले, वात लावली किंवा नळी उडवली. आवाज एकात एक मिसळले. सतरा झाले की अठरा, कुणी मोजले नाही. संध्याकाळ झाली, माणसे घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुसरीच टोळी आली, एखाद्याला जुन्या होलचे अर्धवट बूड दिसले, त्याने सोय म्हणून तिथेच ड्रिल टेकवले. त्या बुडात कालची न उडालेली कांडी असते. विहिरीच्या आणि खदानीच्या कामात माणसे गमावण्याचा हा जुना प्रकार आहे आणि त्यात नवशिके कमी, घाईत असलेले अनुभवी जास्त सापडतात. जुन्या होलच्या बुडात पुन्हा ड्रिल घालू नये, हे खाणीच्या नियमांत फार पूर्वीपासून लिहिलेले आहे. वातीचा बार उडाला नाही असा संशय आला तर अर्धा तास कुणी जवळ जाऊ नये, हेही आहे. पण नियम पाळायचा तर कोणता होल उडाला नाही हे सकाळच्या माणसाला कळायला हवे. संध्याकाळचा माणूस घरी गेलेला असताना ते फक्त वहीच सांगू शकते. भरलेले किती, उडालेले किती, संशय कोणत्या क्रमांकावर, आणि खाली ज्याने पाहणी केली त्याची सही. सकाळी ड्रिलरने ती ओळ वाचल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू होऊ नये.

शेजाऱ्याची भिंत

खदान गावाच्या जवळ असली की आणखी एक भांडण ठरलेले. भिंतीला तडा गेला, तुमच्या बाराने गेला. नाही, तडा आधीपासून होता. दोघेही खरे बोलत असतील, पुरावा कुणाकडेच नसतो.

हादऱ्याचे शास्त्र थोडक्यात असे आहे. एका क्षणी किती किलो माल उडाला आणि घर किती दूर आहे, यावर हादरा ठरतो. दिवसभरात एकूण किती उडाला यावर नाही. एका क्षणाचा माल चौपट केला तर तेवढाच हादरा राखायला अंतर दुप्पट लागते. म्हणून दहा किलो एकदम उडवण्याऐवजी दोन-दोन किलोचे पाच भाग करून, प्रत्येकात पंचवीसेक मिलिसेकंदांचे अंतर ठेवून उडवले, तर कानाला एकच आवाज येतो, पण शंभर मीटरवरच्या घराला बसणारा हादरा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरू शकतो. दगडही बहुधा चांगला फुटतो, कारण पुढची ओळ सरकल्यावर मागच्या ओळीला मोकळे तोंड मिळते.

खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या परिपत्रकात याची मर्यादा घालून दिली आहे. खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरे असतील तर मंद, आठ हर्ट्झच्या खालच्या कंपनांसाठी सेकंदाला पाच मिलिमीटर, आठ ते पंचवीसपर्यंत दहा आणि त्यापुढे पंधरा. हे मोजायचे यंत्र प्रत्येकाने घ्यावे असे नाही. पण खदान सुरू करण्यापूर्वी जवळच्या घरांच्या भिंतींचे तारखेसह फोटो घेऊन घरमालकाची सही घ्यावी, आणि प्रत्येक बाराला एका क्षणी किती माल उडाला हे लिहावे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटरची टेकडी सुरुंगाने उतरवली गेली, तिथेही वस्ती जवळ होती आणि बार नियंत्रित ठेवावे लागले. तिथला खडकही आपल्यासारखाच दख्खनचा काळा पाषाण.

कांडीन् कांडीचा हिशोब

शेवटी सरकारी बाजू, कारण ती आता पूर्वीसारखी ढिली राहिलेली नाही.

स्फोटकांचा कारभार नागपूरच्या पेसो या केंद्रीय संस्थेकडे आहे. २००८ च्या स्फोटक नियमांप्रमाणे साठा ठेवणाऱ्याला आलेला माल, वापरलेला माल आणि शिल्लक यांची नोंद ठेवावी लागते, आणि बार उडवणारा माणूस परवानाधारक असावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिक डिटोनेटर बनवणे, बाळगणे आणि आयात करणे यावर केंद्राने बंदी घातली आहे. जुन्या बॅटरीवरच्या केप कुणाकडे पडून असतील तर तो आता गुन्हा आहे. त्या स्वतः नष्ट करण्याच्या भरीस कुणी पडू नये, परवानाधारक पुरवठादारामार्फत आणि पोलिसांना कळवूनच त्यांची वाट लावावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरजवळ बेकायदा साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांची विल्हेवाट लावताना सहा माणसे गेली.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातील अर्ध मसला गावच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, दोघांना अटक झाली. न्यायाचे काम न्यायालय करील. धंद्याच्या पानावर एवढेच नोंदवायचे की जी कांडी विहिरीसाठी आणि खदानीसाठी येते, ती कामावरून सुटली की कुठे जाते याचा माग साठ्याच्या वहीतूनच निघतो. ज्याच्या वहीत आलेल्या दोनशे, वापरलेल्या १८४ आणि परत केलेल्या सोळा असे होलवार जुळते, त्याला चौकशीची भीती नाही. ज्याच्याकडे सगळे तोंडी आहे, तो निर्दोष असूनही ठाण्याच्या बाकावर बसतो.

महसूल खात्याचेही तसेच. महाखनिज या संगणकीय व्यवस्थेतून वाहतुकीचा पास निघतो आणि खड्ड्याचे माप ईटीएस यंत्राने घेतले जाते. पासावरचे ब्रास आणि खड्ड्याचे ब्रास जुळले नाहीत तर विनापरवाना उत्खनन ठरून बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. इथे जागचा दगड आणि फुगलेला ढीग यांतला दीडपटीचा फरक ज्याला मांडता येत नाही, त्याची बाजू पडते. बारवार वही असेल तर निदान बोलायला आधार असतो.

हेही लक्षात असू द्यावे की १९५२ च्या खाण कायद्याने दगड-मुरमाच्या छोट्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट ठेवली होती, पण ती सहा मीटरपर्यंत खोली, पन्नासपर्यंत माणसे आणि स्फोटकांचा वापर नाही या अटींवर. सुरुंग लावला की छोटी खदानही खाणच ठरे. नव्या कामगार संहितांखाली आपले काम कुठे बसते, हे सल्लागाराकडून लेखी घ्यावे.

मोबाईल आणि लिपी

वही कागदी असावी की मोबाईलवर, हा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. दोन्ही. जागेवर कागदी, कारण धूळ, पाणी आणि संपलेली बॅटरी. शिवाय माल भरत असताना फोन दूर बंद ठेवलेलाच बरा. फोटो भरण्याआधी घ्यावेत आणि धोका टळल्याची खात्री झाल्यावर घ्यावेत. रात्री घरी आल्यावर दहावी-बारावी शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने तेच आकडे संगणकाच्या तक्त्यात उतरवावेत. कंप्युटरचा वर्ग केलेली मुले आज घरोघरी आहेत, आणि ब्रासमागे कांड्या, ब्रासमागे डिझेल, होलमागे मिनिटे ही तीन गुणोत्तरे काढणे त्यांना अर्ध्या तासाचे काम आहे. त्या मुलाला महिन्याला काही ठरावीक रक्कम द्यावी, फुकट राबवू नये, नाहीतर दुसऱ्या महिन्यात वही कोरी राहते.

लिहावे मराठीत, हिंदीत, उर्दूत, ज्याला जसे जमेल तसे. पण माप एकच ठेवावे. ड्रिलर फुटात बोलतो, सरकार मीटरमध्ये आणि व्यापारी ब्रासमध्ये. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट किंवा २.८३ घनमीटर. हे दोन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, आणि ब्रासच्या प्रत्येक आकड्यापुढे तो जागचा आहे की ढिगाचा, हे ‘जा’ किंवा ‘ढी’ असे एका अक्षराने नोंदवावे.